गाडी धुताना किल्ली खिशात

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)

या पानावर मी एरवी लागण, बेणे, खतांचे हप्ते आणि हुमणी यांबद्दल लिहितो. या खेपेस विषय थोडा वेगळा आहे. दसरा तोंडावर आला आहे. खंडेनवमीला आपल्याकडे विळे-कोयते, नांगर, ट्रॅक्टर, पाण्याची मोटर यांच्या जोडीला मोटारसायकलचीही पूजा होते. पूजेआधी गाडी धुतली जाते. वर्षभर जिच्याकडे कोणी वळून बघितले नाही, त्या गाडीला त्या दिवशी घरातली लहानथोर चार-पाच माणसे एकदम हात लावतात. म्हणून हा लेख दसऱ्याच्या आधी आपल्या हाती पडावा, अशी माझी इच्छा होती.

निमित्त घडले ते कुरुळीत. आडसाली लागणीच्या नोंदी घेत एका सभासदाच्या वस्तीवर गेलो होतो. अंगणात त्यांचा विशीतला मुलगा गाडी धूत होता. चाकणला शिफ्टवर जाणारा, चुणचुणीत पोरगा. गाडी डबल स्टँडवर लावलेली, इंजिन चालू, गिअर टाकलेला, मागचे चाक गरगर फिरतेय आणि हा उकिडवा बसून जुन्या बनियनच्या फडक्याने चेन पुसतोय. मी माझी गाडी लावायच्या आधीच ओरडलो, "अरे, बंद कर आधी ती!"

पोरगा दचकला. त्याने गाडी बंद केली. ओट्यावर शेंगा फोडत बसलेली त्याची आजी म्हणाली, "सायेब, पोरावर कशापायी वरडताय? गाडीच तर धुतोय बिचारा."

मी काही बोललो नाही. उजवा हात पुढे केला. माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचे शेवटचे पेर नाही, हे कुरुळी गटातल्या बऱ्याच सभासदांनी नोंदीच्या वहीवर लिहिताना पाहिले असेल. कसे गेले ते कोणी विचारले नाही आणि मीही कधी सांगितले नाही. आज सांगतो.

2004 साली मी कारखान्याच्या नोकरीत नवा होतो. दुसऱ्याकडून घेतलेली शंभर सीसीची जुनी गाडी होती. दिवसभर चिखलातून फिरायचे आणि रविवारी गाडी धुवायची. हाताने चाक फिरवत चेन पुसायला वेळ लागतो, म्हणून गाडीच चालू करून फडके धरले तर चेन आपोआप पुसून निघते, अशी माझी हुशारी. दोन वर्षे ती हुशारी चालली. एके दिवशी फडक्याचा सुटलेला दोरा चेनच्या कडीत अडकला. दोऱ्याने फडके ओढले, फडक्याने बोट. पुढे काय झाले ते मला दिसलेच नाही. हात बाहेर आला तेव्हा पेर नव्हते. चूक कोणाची? गाडीची नाही, फडक्याची नाही. माझी.

हात मागे घ्यायला वेळ का मिळत नाही

पुष्कळांना वाटते की गाडी नुसती मंद चालू आहे, आपण सावध आहोत, हात मागे घेऊ. याचा हिशेब करून बघा. शंभर सीसीची गाडी पहिल्या गिअरमध्ये, मूठ न पिळता चालू ठेवली, तरी चेन सेकंदाला अंदाजे एक फूट सरकते. चौथ्या गिअरमध्ये त्याच्या कितीतरी पट. तुमचे बोट मागच्या दातेरी चक्रापासून, म्हणजे मेस्त्री ज्याला स्पॉकेट म्हणतात त्यापासून, तीन इंचांवर असेल, तर पाव सेकंदात ते दातात जाते. डोळ्याने पाहून, डोक्याने ठरवून, हात मागे घ्यायला माणसाला तेवढाच वेळ लागतो. आणि फडके अडकले म्हणजे हात मोकळा नसतोच. शिवाय गाडी ही काही बैलासारखी नाही. पाय सापडला तर बैल थांबतो. इंजिनाला कळत नाही.

कारखान्यात गव्हाणीच्या चेनमध्ये मोळी अडकली तर काय करतात ते आपण हंगामात पाहिले असेल. आधी गव्हाण बंद करतात, वीज तोडतात, स्विचवर 'काम चालू आहे' अशी पाटी लावतात आणि मगच माणूस आत हात घालतो. घाई आहे, बाहेर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली आहे, म्हणून हा नियम मोडत नाहीत.

हेच मी त्या पोराला सांगू लागलो तर तो मान खाली घालून म्हणाला, "साहेब, कंपनीत आम्ही पण असंच करतो. मशीन बंद करायची, कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात. त्याशिवाय सुपरवायझर हात लावू देत नाही."

"मग घरी रे?"

"घरी काय, आपलीच गाडी हाय."

बंधूंनो, सगळा घोटाळा या एका वाक्यात आहे. आपला भाग मोटारसायकलींचा आहे. 1972 साली अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, कायनेटिक कंपनीची लुना आली आणि सायकलवर जाणारा शेतकरी इंजिनावर बसला. आकुर्डीला बजाजच्या स्कूटर झाल्या. 1999 साली चाकणला बजाजचा कारखाना आला आणि आपल्या शिवाराच्या शेजारीच मोटारसायकली तयार होऊ लागल्या. आज पुणे-नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांना बघा, उसाचे फड कमी आणि शेड जास्त. एका घरात दोन-दोन, तीन-तीन गाड्या. गाडीचे सुटे भाग करणारी पोरे आपल्याच घरातली. कंपनीच्या दारात शिरताना ती जी शिस्त अंगावर चढवतात, ती घरी येताना टाइम ऑफिसात ठेवून येऊ नये, एवढेच म्हणणे आहे.

धुण्याआधी

1) गाडी आल्या-आल्या धुऊ नये. इंजिन आणि सायलेन्सर निवू द्यावे. अर्धा तास तरी जाऊ द्यावा. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडले की वाफेने हात भाजतो आणि धातूलाही ते सोसत नाही.

2) जागा कठीण आणि सपाट असावी. ओल्या मातीत स्टँड रुततो आणि गाडी कलंडते. आजूबाजूला लहान मुले असतील तर आधी त्यांना लांब करावे. शंभर किलोचा ऐवज अंगावर पडतो, हे विसरू नये.

3) इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, किल्ली काढून धुणाऱ्याच्या खिशात. गाडीला लावलेली नको, ओट्यावर ठेवलेली नको, पोराच्या हातात तर नकोच. तुम्ही मागे बसला आहात आणि पुढून कोणी हौसेने बटण दाबले, असे होता कामा नये.

4) सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा घालावा म्हणजे आत पाणी जात नाही. धुऊन झाल्यावर तो आठवणीने काढावा. किल्लीचे भोक आणि हँडलवरची बटणे प्लॅस्टिकच्या पिशवीने झाकावीत.

पाणी कुठे, कुठे नाही

आपल्याकडे गाडी धुण्याच्या दोन वाईट सवयी आहेत. पहिली, विहिरीवरच्या मोटरच्या पाइपाखाली गाडी धरणे. स्टार्टरची पेटी तिथेच, थ्री फेजची वायर तिथेच, जमीन ओली आणि आपण अनवाणी. मोटर चालू-बंद करायला ओल्या हाताने स्टार्टरला हात लावणारे मी पाहिले आहेत. पेटीपासून लांब, बादलीने पाणी नेऊन गाडी धुवावी. दोन बादल्यांत गाडी स्वच्छ होते.

दुसरी, फवारणीच्या एचटीपी पंपाने पाण्याचा फवारा मारणे. जोराचा फवारा चाकांच्या बेअरिंगमध्ये, वायरींच्या जोडांत, एअर फिल्टरच्या खोक्यात शिरतो. आतले ग्रीस धुऊन निघते आणि महिन्याभराने चाक घरघरू लागते. 1 एप्रिल 2020 पासून ज्या नव्या गाड्या आल्या, त्यांपैकी बहुतेकींना कार्बोरेटर नाही. पेट्रोल मोजून सोडणारी यंत्रणा विजेवर चालते आणि तिला जागोजागी सेन्सर आहेत. त्यांत पाणी गेले तर गावातल्या मेस्त्रीलाही काही करता येत नाही. त्यातून पंपात तणनाशकाचा अंश राहिलेला असतो, तो अंगावर उडतो ते निराळेच. फवारणीचा पंप आणि फवारणीची बादली गाडीला वापरू नये. गाडीची साबणाची बादली फवारणीलाही वापरू नये.

कपड्याची पावडर गाडीला लावू नये, रंग मरतो. गाडीचा शाम्पू मिळतो, थोडाच लागतो. आधी नुसत्या पाण्याने चिखल भिजवावा, मग मऊ स्पंजने वरून खाली यावे. मडगार्डच्या आतला चिखल काठीने न खरवडता भिजवून काढावा. साबण ब्रेकच्या डिस्कवर जाऊ देऊ नये.

आणि एक विनंती. मोई-चिंबळीच्या अंगाला इंद्रायणीत गाडी उतरवून धुणारे अजून दिसतात. नदीचे हाल आपण आळंदीत डोळ्यांनी बघतो. त्यात आपल्या चेनचे काळे तेल आणखी कशाला? पाण्यात अर्धी बुडलेली गाडी म्हणजे बेअरिंगचे आणि ब्रेकचेही मरणच. बैल नदीवर न्यावा, गाडी नेऊ नये.

चेन

आता मुख्य काम. चेन पुसायला फडके नको. जुना दात घासायचा ब्रश किंवा लांब दांड्याचा ब्रश घ्यावा. एका हाताने मागचे चाक थोडे फिरवायचे, चाक थांबवायचे, फिरवणारा हात बाजूला घ्यायचा, आणि मगच समोर आलेली वीतभर चेन खालच्या बाजूला घासायची. फिरवणे आणि घासणे एकाच वेळी नाही. दोन माणसांनी मिळून तर हे काम कधीच करू नये. एकाने चाक फिरवायचे आणि दुसऱ्याने पुसायचे, यात 'थांब' म्हणेपर्यंत बोट गेलेले असते.

चेनवरचा जुना चिकटा काढायला थोडे डिझेल चालते, मात्र काही गाड्यांच्या चेनच्या कड्यांत रबरी रिंगा असतात. त्यांना काय चालते ते गाडीच्या पुस्तकात बघावे. रॉकेल आता पूर्वीसारखे सहज मिळत नाही, म्हणून काही जण टाकीतून पेट्रोल काढून चेन धुतात. हे अजिबात करू नये. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि दहा हातांवरच्या चुलीपर्यंत पोचते.

चेन कोरडी झाल्यावर नव्वद नंबरचे गिअर ऑइल ब्रशने लावावे. जास्तीचे पुसून काढावे, नाहीतर उडून टायरवर आणि ब्रेकवर जाते. दर 500 किलोमीटरला, आणि पावसाळ्यात त्याहून लवकर, हे काम करावे. चेन मधोमध बोटाने वर उचलून बघावी. लहान गाड्यांना साधारण 25 ते 30 मिलिमीटर ढील ठीक. जास्त ढिली असेल तर चालत्या गाडीत उतरते, जास्त ताणलेली असेल तर लवकर झिजते. युरिया-पोटॅशची पोती गाडीवर आणणाऱ्यांनी चेन आणि रिम विशेष जपावी. खताची सांडलेली भुकटी ओल धरते आणि लोखंड खाते. पोते उतरवले की त्याच दिवशी पाणी मारावे.

ब्रेक

धुतलेली गाडी घेऊन लगेच रस्त्याला लागू नये. ओला ब्रेक लागत नाही. पहिल्यांदा दाबल्यावर गाडी तशीच पुढे जाते आणि आपला पुणे-नाशिक रस्ता कंटेनरचा आहे. आधी अंगणातच हळू चालवून पुढचा-मागचा ब्रेक हलका-हलका दाबावा. दहा-बारा वेळा दाबला की लायनर कोरडे होतात. गाडी जागच्या जागी थांबते असे दिसल्यावरच फाटकाबाहेर पडावे.

मागच्या ड्रमवर बहुतेक गाड्यांना लहानसा बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो बाण खुणेच्या पलीकडे गेला, तर लायनर संपले असे समजावे. एप्रिल 2019 पासूनच्या 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागेल अशी सोय आहे, त्याहून मोठ्या गाड्यांना एबीएस आहे. पण लायनर झिजलेले किंवा तेलकट असतील तर कोणतीच सोय कामाला येत नाही.

टाकी आणि आपले इथेनॉल

हल्ली गटात फिरताना एक तक्रार ऐकतो, "साहेब, तुमच्या इथेनॉलनं गाडी बंद पडली." ते इथेनॉल माझे नाही, आपल्या सर्वांचे आहे, आपल्याच उसाच्या रसाचे आणि मळीचे. 2025 पासून पंपावर सर्रास वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल मिळू लागले. म्हणून खरे काय ते आपणच नीट समजून घ्यावे.

इथेनॉल पाणी ओढून घेते. टाकीत थोडे पाणी गेले तर ते धरूनही ठेवते. पण मर्यादेबाहेर गेले की पाणी आणि इथेनॉल दोन्ही पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतात आणि इंजिनाला तेच मिळते. मग गाडी धापा टाकते. हे पाणी येते कुठून? बऱ्याच गाड्यांच्या टाकीच्या झाकणाभोवती खोलगट जागा असते आणि साचलेले पाणी खाली जायला एक बारीक भोक असते. पाचटाचा भुगा आणि चिखल यांनी ते भोक बुजते. मग धुताना साचलेले पाणी झाकण उघडताच टाकीत. ते भोक तारेने हलक्या हाताने मोकळे करावे आणि झाकणाभोवती कोरडे पुसूनच झाकण उघडावे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ताकद कमी, त्यामुळे मायलेज थोडे उतरते. एप्रिल 2023 पासूनच्या गाड्यांना या मिश्रणाला टिकणारे भाग आहेत, जुन्या गाड्यांचे तसे नाही. जुन्या गाडीची पेट्रोलची रबरी नळी धुताना चाचपून बघावी. फुगलेली, चिरलेली वा चिकट लागली तर लगेच बदलावी. गळकी नळी तापलेल्या इंजिनावर असते, हे ध्यानात घ्यावे.

पाचट आणि सायलेन्सर

फडात आल्यावर गाडी बांधावर, मोकळ्या जमिनीवर लावावी. पाचटावर लावू नये. नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धूर स्वच्छ करणारा भाग असतो, तो फार तापतो. खाली कोरडे पाचट असेल तर पेट घ्यायला वेळ लागत नाही. धुताना इंजिनाच्या खाली आणि सायलेन्सरच्या मागे अडकलेले पाचटही आठवणीने काढावे.

इंजिनचे तेलही याच वेळी बघावे. दुधाच्या चहासारखे दिसले तर आत पाणी गेले आहे, गाडी चालू न करता मेस्त्रीकडे न्यावी. बेंदराला बैल धुताना आपले वडील नुसता मळ काढत नसत. हात फिरवता-फिरवता गोचीड, सूज, खूर सगळे बघत. गाडीही तशीच धुवावी. टायरचे काटे, ढिले नट, तुटायला आलेली ब्रेकची वायर, फुटलेला मागचा लाल दिवा, सगळे त्या अर्ध्या तासात हाताखाली येते.

पूजेचा झेंडूचा हार मात्र आखूड असावा आणि रस्त्याला लागण्याआधी काढावा. तो चाकात किंवा ब्रेकच्या वायरीत गुंतू शकतो.

बोट सापडलेच तर

हे कोणावर येऊ नये, पण माहीत असावे. गाडी बंद करावी. जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरावा. हळद, चुना, डिझेल काही लावू नये. तुटलेला भाग सापडला तर स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. तुकडा थेट बर्फावर ठेवू नये. 108 नंबरला फोन करून लगेच मोठ्या दवाखान्यात जावे. माझ्या वेळी मला यातले काहीच ठाऊक नव्हते. तुकडा शोधायचेसुद्धा सुचले नाही.

त्या दिवशी कुरुळीत पोराने चेन पुन्हा पुसली. या खेपेस ब्रशने, वीत-वीत करून. वीस मिनिटे लागली. आजी ओट्यावरून बघत होती. शेवटी तिने विचारले, "आन् किल्ली कुठंय रं?" पोराने खिशावर हात मारला.

सभासद बंधू-भगिनींनो, यंदाच्या खंडेनवमीला घरातल्या कोणीतरी, आजीने म्हणा, आईने म्हणा, एवढे एकच विचारावे. किल्ली कुठे आहे? उत्तर 'खिशात' असे आले तर पाणी ओतावे, नाहीतर बादली उचलू नये.

आपणा सर्वांस दसऱ्याच्या आणि येणाऱ्या गळीत हंगामाच्या शुभेच्छा. लागणीच्या नोंदी ज्यांच्या राहिल्या असतील त्यांनी गट ऑफिसला कळवावे. मी येईन तेव्हा गाडीही बघेन.